केकवरचं पान खायचं असतं का?

या वेळचं पत्र एका मामाचं आहे. ते थोडं आटपशीर करून देते.

‘ताई, मी 22 वर्षांचा आहे. वर्षभर घरीच केक करायला शिकतोय. गेल्या महिन्यात भाचीच्या चौथ्या वाढदिवसाला ताज्या फळांचा केक केला आणि आदल्या रात्रीच सगळा सजवून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी बघतो तर स्ट्रॉबेरीच्या कापांखालचं पांढरं क्रीम गुलाबी ओघळांनी भरलेलं, किवीच्या चकत्यांखालचं क्रीम पातळ आणि चक्क कडू झालेलं, पुदिन्याची पानं काळी पडून चिकटलेली. ती पानं काढली आणि घाईत गॅलरीतल्या मनी प्लँटची चार कोवळी पानं खोचली. दिसायला छान दिसत होती. भाचीने त्यातलं एक उचलून तोंडाकडे नेलं. बहिणीने वेळीच तिचा हात धरला आणि मला विचारलं, “हे खायचं असतं का रे?” मला उत्तर देता आलं नाही. आता तीन आठवड्यांनी आजीचा 80 वा वाढदिवस आहे. केक मीच करावा असा तिचा हट्ट आहे, पण माझा हात धजत नाही. फळं आणि पानं लावायची तर कोणती, कधी आणि कशी, ते नीट सांगाल का? आजीला कवळी आहे आणि तिला ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत, हेही सांगून ठेवतो.’

प्रिय मामा,

तुला अरे-तुरे केलं तर चालेल ना? तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तुझ्या बहिणीला मनातल्या मनात धन्यवाद दिले. मनी प्लँटच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. पान चावलं की ते जिभेत, हिरड्यांत, घशात टोचतात. तोंडाची आग होते, सूज येते, लाळ गळायला लागते. चार वर्षांच्या मुलीला तो त्रास किती झाला असता याचा विचार तू करतोच आहेस, म्हणून त्यावर मी जास्त बोलत नाही. पण फळांच्या आधी पानांचंच बोलू, कारण तुझा हात अडलाय तो तिथेच.

पान केकला टेकलं की ती सजावट उरत नाही, तो पदार्थ होतो. मग कुणी ते खाणार असो वा नसो. पानाचा रस क्रीमला लागतो, देठाचा चीक लागतो, पानावरची धूळ आणि फवारणी लागते, आणि ते क्रीम सगळे खातात. त्यामुळे ‘शोभेपुरतं आहे, खाताना काढून ठेवा’ हे मला पटत नाही. लहान मुलं काढून ठेवत नाहीत. वयस्कर माणसांना चष्म्याशिवाय दिसत नाही. आणि केकच्या तुकड्यावर जे आहे ते खायचंच असतं असं माणूस धरून चालतो, त्यात त्याची काही चूक नाही.

फळ खातो म्हणून त्याचं पानही खाण्याजोगं असेल, हा फार जणांचा समज असतो आणि तो घातक आहे. टोमॅटोचं फळ आपण रोज खातो, पण त्याच्या पानांत विषारी द्रव्यं असतात. चेरी, पीच, जर्दाळू, प्लम यांची पानं केकवर इतकी सुंदर दिसतात की मोह आवरत नाही. पण त्या पानांत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, आणि पान कोमेजायला लागलं की ती जास्त मोकळी होतात. म्हणजे केकवर तासभर बसून मलूल झालेलं पान सगळ्यात वाईट. रुबार्बचे देठ खातात, त्याची पानं खात नाहीत. आणि कागदी टोपी मागे वळवून केकवर ठेवतात ना, ती रसभरी? फळ पिकलेलं असेल तर खुशाल खावं, पण ती टोपी खायची नसते. ती काढूनच फळ लाव.

शोभेच्या झाडांपैकी कण्हेर, डिफेनबेकिया, क्रोटन, घाणेरी, आयव्ही, पॉइन्सेटिया, हायड्रेंजिया, लिली ऑफ द व्हॅली यांना केकच्या टेबलाजवळही आणू नकोस. कण्हेर आणि लिली ऑफ द व्हॅली तर थेट हृदयावर परिणाम करणारी विषं बाळगून असतात. केकवर सर्रास दिसणारी जिप्सोफिला, ती पांढरी बारीक फुलं, तीही खाण्याची नाहीत. फुलवाल्याकडच्या कुठल्याच फुला-पानाचा भरवसा धरू नकोस, अगदी गुलाबाचासुद्धा. गुलाबाच्या पाकळ्या खातात, पण खाण्यासाठी वाढवलेल्या गुलाबाच्या. पुष्पगुच्छासाठी वाढवलेल्या फुलांवर काय काय फवारलेलं असतं ते पाण्याने धुऊन जात नाही.

मग उरतं काय? भरपूर उरतं. पुदिना, तुळशीच्या जातीतलं बेसिल, लेमन बाम (लिंबाच्या वासाचं, पुदिन्याच्या कुळातलं झुडूप), थाइमच्या नाजूक काड्या, रोझमेरीचे कोवळे शेंडे, आणि स्ट्रॉबेरीची स्वतःची पानं. ही सगळी खाता येतात. स्ट्रॉबेरीच्या डोक्यावरचा हिरवा मुकुटही खाता येतो, त्यामुळे हिरवा रंग हवा असेल तर दोन-तीन स्ट्रॉबेरी मुकुटासकट अख्ख्या ठेवल्या की निम्मं काम होतं. रोझमेरी मात्र बेताने, तिचा वास क्रीमभर पसरतो. ही पानं घरच्या कुंडीतली, न फवारलेली असावीत, किंवा खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी जुडी असावी. नर्सरीतून कालच आणलेल्या रोपाची पानं घेऊ नकोस. त्याला आधी काय दिलंय ते तुला माहीत नसतं.

तिसरा एक गट आहे, विषारी नाही पण खाण्यासारखाही नाही असा. लिंबाचं पान, तमालपत्र. ही चामट असतात, तमालपत्राचा तुकडा तर घशाला बोचतो. ती केकवर नकोत. पण लिंबाच्या पानाचा एक फार देखणा उपयोग आहे. तुला चमकदार, पक्क्या आकाराची पानं हवी होती म्हणूनच तू मनी प्लँटकडे वळलास, असं मला वाटतं. तर मग चॉकलेटची पानं कर.

लिंबाची सहा-सात निरोगी पानं देठासकट घे, फवारणी नसलेल्या झाडाची. धू, आणि मग फडक्याने इतकी कोरडी कर की बोटाला ओल जाणवता कामा नये. वितळलेल्या चॉकलेटात पाण्याचा एक थेंब पडला तरी ते गोळा होऊन बसतं. चॉकलेट गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळव, भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नकोस. आता पान उलटं धर. वरची बाजू गुळगुळीत असते, शिरा उठून दिसतात त्या मागच्या बाजूला, आणि आपल्याला त्या शिरांचाच ठसा हवाय. देठ चिमटीत धरून बारीक ब्रशने मधल्या शिरेपासून कडेकडे चॉकलेट ओढत ने. कडेच्या बाहेर, पानाच्या दुसऱ्या अंगाला चॉकलेट गेलं तर नंतर पान सुटत नाही, म्हणून केसभर आतच थांब. दहा मिनिटं फ्रिजमध्ये, मग दुसरा हात, पुन्हा दहा मिनिटं. पहिला थर पातळ असतो. दुसरा दिला नाहीस तर सोलताना हमखास तुटतं. आता देठ पकड आणि चॉकलेटवरून हिरवं पान हळूच सोलून काढ. चॉकलेटला ओढायचं नाही, पानालाच ओढायचं. बोटं गरम असतील तर बर्फाच्या पाण्यात बुडवून, पुसून मग हात लाव. पान सुटतं आणि खाली मधली शीर, तिच्या दोन्ही बाजूंच्या उपशिरा, कडेची बारीक नागमोड, सगळं चॉकलेटात उमटलेलं दिसतं. पहिल्यांदा करशील तेव्हा दोन-तीन तुटतील, म्हणून चार जास्तीची कर. डब्यात बटर पेपरवर ठेवली तर ही पानं आठवडाभरही नीट राहतात. म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या रात्रीची घाई नको.

आता फळांकडे येऊ. तुझ्या केकला जे झालं ते तुझ्या हाताचा दोष म्हणून झालं नाही. तू फळं 12 तास आधी लावलीस, एवढंच झालं.

फळ म्हणजे मुख्यतः पाणी. स्ट्रॉबेरीत तर शंभरातले नव्वद भाग पाणी असतं. साल शाबूत आहे तोवर ते आतच राहतं. सुरी लागली की जिथे जिथे काप पडला तिथे एकेक नळ उघडला. त्यात क्रीममध्ये साखर असते, आणि साखर पाणी ओढून घेते. फळाच्या कापलेल्या बाजूला साखरेचं क्रीम लागलं की ते फळातला रस बाहेर खेचत राहतं, रात्रभर. रसाबरोबर रंगही येतो. तुझे गुलाबी ओघळ तिथून आले. म्हणून शक्य तेवढं फळ अख्खं वापर. कापायचंच असेल तर कापलेली बाजू वर किंवा बाहेरच्या अंगाला ठेव आणि साल असलेली बाजू क्रीमवर टेकव. एवढ्या एका बदलाने फार फरक पडतो. कापलेल्या स्ट्रॉबेरी आधी दहा-पंधरा मिनिटं किचन टॉवेलवर पालथ्या घालून ठेव, सुटायचा तो रस कागदात सुटू दे.

धुण्यातही लोक चुकतात. स्ट्रॉबेरी मुकुट काढून धुतली की वरच्या खड्ड्यातून पाणी आत शिरतं. आधी धू, पूर्ण कोरडी कर, मग मुकुट काढ. बेरी पाण्यात भिजत टाकू नयेत, चाळणीत घालून वाहत्या पाण्याखाली पटकन फिरवाव्यात आणि टॉवेलवर एका थरात पसराव्यात. ब्लूबेरीवर आणि द्राक्षांवर जी पांढुरकी धूसर झाक असते ती धूळ नव्हे, फळाचं स्वतःचं मेण असतं. ती चोळून काढली की फळ बोडकं दिसतं. निळ्या-जांभळ्या फळांचं अर्धं सौंदर्य त्या झाकेतच असतं. म्हणून ही फळं पुसू नकोस, आपोआप वाळू दे.

किवीची गोष्ट वेगळी आहे. किवीत ॲक्टिनिडिन नावाचं एन्झाइम असतं, ते प्रथिनं तोडतं. दुधाच्या क्रीममधली प्रथिनं तुटली की त्यांचे छोटे तुकडे कडू लागतात आणि क्रीमचा ताठपणा जातो. तुझं क्रीम नासलं नव्हतं, किवीने ते पचवायला घेतलं होतं. ताजा अननस, पपई आणि अंजीर हेही त्याच पंगतीतले. अननसात ब्रोमेलेन, पपईत पपेन, अंजिरात फिसिन. जेलाटिन हेही प्रथिनच, म्हणून ताज्या अननसाचा रस घातलेली जेलाटिनची जेली कितीही वाट पाहिली तरी सेट होत नाही. उष्णता दिली की ही एन्झाइम्स निकामी होतात. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तो चालतो. ताजा अननस हवा असेल तर काप थोड्या साखरेबरोबर पाच-सात मिनिटं शिजवून, गार करून, निथळून वापर. किवी शिजवली की तिचा हिरवा रंग मळतो, त्यामुळे तिच्या बाबतीत सरळ उपाय म्हणजे केक टेबलावर न्यायच्या वेळी शेवटी ठेवायची. नाहीतर तिला सुट्टी. मी स्वतः क्रीमच्या केकवर किवी लावत नाही. हिरव्या रंगासाठी पुदिना आहेच.

सफरचंद, पेअर आणि केळं कापल्यावर तपकिरी पडतात. हवा लागली की त्यांच्यातलं एन्झाइम कामाला लागतं. एक कप पाण्यात एक मोठा चमचा लिंबाचा रस घालून त्यात काप दोन-तीन मिनिटं बुडवले आणि टिपून घेतले तर सफरचंद-पेअर बराच वेळ गोरे राहतात. केळं फारसं दाद देत नाही, त्याला केकच्या आत घाल. कलिंगड आणि खरबूज केकवर कधीच नको, ते गळायचं थांबत नाहीत. संत्र्याच्या फोडी वापरायच्या तर पांढरा पापुद्रा धारदार सुरीने काढून आतला गर मोकळा कर आणि अर्धा तास कागदावर निथळत ठेव. डाळिंबाचे दाणे सुरेख दिसतात, पण फुटलेला एक दाणा क्रीम रंगवायला पुरतो, म्हणून एकेक निवडून टाक.

फळांना चकाकी आणि थोडं संरक्षण द्यायला ग्लेझ लाव. जर्दाळूचा जॅम चार चमचे, पाणी एक चमचा, मंद आचेवर पातळ कर, गाळून घे, कोमट असताना मऊ ब्रशने फळांच्या कापलेल्या भागावर पुसटसा फिरव. कढत लावलंस तर फळ शिजतं आणि खालचं क्रीम वितळतं. जॅमचा पिवळसर रंग नको असेल तर 200 मिली पाण्यात दोन मोठे चमचे साखर आणि साधारण 1 ग्रॅम आगर-आगर पूड घालून दोन मिनिटं उकळ. आगर-आगर समुद्री शेवाळापासून येतं, ते प्रथिन नाही, त्यामुळे किवी-अननसाची एन्झाइम्स त्याचं काही बिघडवू शकत नाहीत. मात्र ते साधारण 35 ते 40 अंशांना सेट व्हायला लागतं, म्हणून कोमट झालं की हात चालव, रेंगाळू नकोस. आणि सगळ्याच फळांना ग्लेझ फासू नकोस. अख्ख्या ब्लूबेरीला, द्राक्षांना तर अजिबात नको, त्यांची ती झाक जाते.

क्रीमबद्दल थोडक्यात. दुधाचं विपिंग क्रीम 35 टक्क्यांच्या आसपास फॅटचं घे, क्रीम, भांडं आणि बीटरची पाती तिन्ही थंडगार असू देत, आणि 250 मिलीला दोन छोटे चमचे दूध पावडर घाल, म्हणजे ते फळांचा भार जरा जास्त वेळ पेलतं. टोकं ताठ उभी राहिली की थांब. आणखी फेटलंस तर लोणी होईल. बाहेर बराच वेळ राहणार असेल तर बटरक्रीम, म्हणजे लोणी आणि साखर फेटून केलेलं क्रीम, बरं. त्यात फॅट जास्त, त्यामुळे ओल शिरायला वेळ लागतो. थरांच्या मध्ये ताजी फळं घालायची तर कडेने क्रीमचा बांध घालून आत टिपलेले काप ठेव, नाहीतर स्पंज रसाने लगदा होतो.

आता मांडणी. यावर मी पानंच्या पानं लिहू शकते, पण मुख्य एकच सांगते. सगळा केक भरून टाकू नकोस. तू पाठवलेल्या फोटोत फळांची गोल रांग काठाने, दुसरी गोल रांग आत, मध्ये एक फूल. त्यात चूक नाही, पण डोळा कुठे थांबावा हे कळत नाही. त्याऐवजी एका बाजूला चंद्रकोर कर. आधी तीन मोठी फळं, सारख्या अंतरावर नकोत, दोन जवळ आणि एक लांब. त्यांच्या आधाराने मध्यम फळं, काही कलती, एखादं दुसऱ्यावर चढलेलं. मग फटींमध्ये ब्लूबेरी, डाळिंबाचे दाणे. पान सर्वांत शेवटी, आणि पान फळावर ठेवायचं नाही, फळाखालून बाहेर येताना दिसलं पाहिजे. झाडावर फळ कसं असतं ते आठव. देठाजवळ पान असतं, फळाच्या डोक्यावर मध्यभागी नसतं. देठाचा भाग फळाखाली सरकव, पात्याचं टोक बाहेर, थोडं वर उचललेलं. बाकीचं पांढरं क्रीम मोकळं राहू दे. ती मोकळी जागाच फळांना उठाव देते. हे सगळं केकवर करायच्या आधी तेवढ्याच मापाच्या ताटलीवर एकदा मांडून, फोटो काढून ठेव. केकवर फळ उचलून पुन्हा ठेवलं की क्रीमवर डाग राहतो.

फळं जागेवर राहावीत म्हणून टूथपिक खुपसू नकोस. तुकड्यात राहून गेली तर कुणाच्या तरी टाळूला लागते. खाली क्रीमचा एक ठिपका पुरतो, उभ्या ठेवायच्या फळाला वितळलेल्या चॉकलेटचा.

पुदिन्याचं तुझं काय चुकलं ते सांगते. पुदिन्याचं पान देठापासून तुटलं की पाणी मिळणं बंद होतं, आणि ओलं पान क्रीमवर रात्रभर दबून राहिलं की काळं पडतंच. पुदिना आदल्या दिवशी आणलास तर देठ पाण्यात बुडतील असा पेल्यात ठेव, वरून सैल पिशवी घाल, फ्रिजमध्ये छान राहतो. वापरायच्या आधी शेंडे दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात टाक, तरतरीत होतील. मग पूर्ण टिपून घे. एकेक सुटं पान लावण्यापेक्षा चार पानांचा शेंडा लाव, तो उशिरा मलूल होतो. बेसिलला मात्र हा न्याय लावू नकोस. ते उष्ण हवेचं झाड आहे. 10-12 अंशांच्या खाली त्याची पानं थंडीने जळतात आणि काळी पडतात. एकदा मी बेसिलची अख्खी जुडी हौसेने फ्रिजमध्ये ठेवली होती, सकाळी सगळी शाईसारखी काळी. ते बाहेरच, पाण्याच्या पेल्यात ठेवायचं, आणि फ्रिजमधून केक काढल्यावरच लावायचं.

आधी करून ठेवता येतील अशी हिरवी पानं हवी असतील तर साखरेची पानं कर. यासाठी बरेच जण कच्च्या अंड्याचा पांढरा भाग वापरतात. 80 वर्षांच्या आजीसाठी आणि चार वर्षांच्या भाचीसाठी मी तो वापरणार नाही. गम अरेबिक, म्हणजे बाभळीच्या कुळातल्या झाडाचा खायचा डिंक, त्याची पूड एक छोटा चमचा घेऊन चार छोटे चमचे पाण्यात विरघळव. पुदिन्याच्या कोरड्या पानाला दोन्ही बाजूंनी त्याचा पातळ हात दे, वरून बारीक साखर भुरभुर, जास्तीची झटक, आणि जाळीवर दिवसभर वाळू दे. पान कुरकुरीत होतं आणि पहाटेचं दव पडल्यासारखं दिसतं. ही पानं कोरड्या हवाबंद डब्यात, फ्रिजबाहेर. फ्रिजच्या ओलीने साखर पाझरते. हवा दमट असेल तर या वाटेला जाऊच नकोस, चॉकलेटची पानं पुरेत.

वेळापत्रक असं धर. तीन दिवस आधी चॉकलेटची आणि साखरेची पानं. आदल्या दिवशी स्पंज, थर, क्रम्ब कोट (म्हणजे केकचा चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ हात), आणि रात्री वरचं गुळगुळीत क्रीम. केक तसाच पांढरा, उघडा, फ्रिजमध्ये. वाढदिवसाच्या दिवशी केक टेबलावर न्यायच्या दोन तास आधी फळं धुऊन वाळत घाल. तासभर आधी अख्खी फळं केकवर मांड. अर्धा तास राहिला की कापायची ती काप, टिप, मांड, ग्लेझ लाव. पुदिना सगळ्यात शेवटी, केक उचलायच्या आधी. आणि कापलेली फळं व दुधाचं क्रीम असलेला केक दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नकोस. उकाडा असेल तर तासाभरातच परत आत.

आता आजी. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांशी आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी ग्रेपफ्रूटचं जमत नाही, रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं. गुलाबी ग्रेपफ्रूटच्या फोडी कितीही देखण्या असल्या तरी या केकवर नकोत. दुसरं, स्टारफ्रूट. त्याच्या चांदणीच्या चकत्या सजावटीसाठी सगळ्यांना आवडतात. पण मूत्रपिंड कमकुवत असलेल्या माणसाला ते फळ थोडंसुद्धा फार महागात पडतं, मेंदूवर परिणाम होतो. 80 व्या वाढदिवसाला येणाऱ्या पाहुण्यांत असं कुणी नसेलच हे तू कसं सांगणार? त्यामुळे ते वगळ. भाचीसाठी द्राक्षं उभी चिरून ठेव, गोल अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात अडकतं. चेरी लावल्यास तर बी काढून.

कवळी असली की बारीक बिया सगळ्यात छळतात. रासबेरी, अंजीर, डाळिंब यांच्या बिया कवळीखाली जाऊन बसतात आणि मग माणूस हसत हसत खाणं थांबवतो, कुणाला सांगत नाही. म्हणून चंद्रकोरीचं एक टोक आजीसाठी राख. तिथे सोललेल्या पिकलेल्या पीचचे किंवा आंब्याचे पातळ काप एकावर एक सरकवून पाकळ्यांसारखे मांड, बाजूला पुदिन्याचा एक कोवळा शेंडा, आणि चॉकलेटच्या पानांतलं सगळ्यात पातळ पान. केक टेबलावर ठेवताना ते टोक तिच्या बाजूला येईल असा फिरवून ठेव.

तुझी,
ताई